मशीनला सगळं दिसतं

पुनमनं पिवळी पेटी बैठकीत ठेवली आणि देविदासनं सगळ्यात आधी घराचा दरवाजा लावून घेतला. मार्चचा महिना, डोक्यावर पत्रे आणि लाईट गेलेली. अशात दरवाजा लावल्यावर माणसाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. पुनमसोबत नांदेडहून आलेला तिचा वर्गमित्र सुगत जागच्या जागी घामानं निथळायला लागला. देविदासला त्याची फिकीर नव्हती.

"येताना कुणी बघितलं का?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"बाबा, एस्टीनं आलो. सगळ्या एस्टीनं बघितलं," पुनम म्हणाली.

"लिंबाजीनं?"

"आबा नाही दिसले. कामून?"

"काई न्हाई. आपलं इचारलं."

देविदास असं 'आपलं' काही विचारणाऱ्यांतला माणूस नव्हता. पुनमची आई सिंधु स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अवं, पेटीत बाँब हाय का काय? उघडा की दरवाजा! ते लेकरू उकडून निघायलंय."

पेटीत बाँब नव्हता. विद्यापीठातल्या फिजिक्स विभागाचं रेझिस्टिव्हिटी मीटर होतं. जमिनीत लोखंडी सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत थोडा करंट सोडायचा, आणि तो खाली कुठं किती अडतो हे आतल्या दोन सळयांवरून मोजायचं, एवढंच त्याचं काम. कोरडा खडक करंटला अडवतो, ओली माती वाट देते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून पुनमनं हाच विषय घेतला होता. आणि सर्वेक्षणासाठी शेत कुठलं, तर घरचंच, कारण दुसऱ्याच्या रानात सळया ठोकायला कोण देतो?

पुनम फिजिक्स शिकते ही गोष्ट लोह्याच्या अलीकडच्या सावळवाडीत सगळ्यांना ठाऊक होती. पण ती शिकून काय होणार, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. डॉक्टर झालेला माणूस सुई देतो, वकील झालेला तारीख देतो, फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेलं माणूस नेमकं काय देतं? कुणी म्हणे बी.एड. करून टाक, कुणी म्हणे तलाठ्याची परीक्षा दे, कुणी बँकेचं सुचवे. सुट्टीला ती गावात आली की तिच्यापुढं बंद पडलेले मिक्सर, इस्त्र्या आणि एकदा तर एक आख्खा कूलर येऊन पडला होता. अणूच्या आत काय चालतं याची गणितं ती कागदावर चार-चार पानं सोडवायची, पण मिक्सरचा स्क्रू कुठल्या बाजूनं फिरतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "मंग इतकी वर्सं शिकली तरी काय?" असं म्हणून लोक आपापले मिक्सर परत घेऊन जात.

देविदासनं मात्र सोय लावून ठेवली होती. त्याच्या मेहुण्याचा मुलगा वैजनाथ लातूरला अकरावी-बारावीचे क्लास चालवायचा. "जूनपासून पाठवा पुनमला, फ्लेक्सवर फोटो टाकतो," असं तो म्हणाला होता. लातूरच्या चौकात आपल्या लेकीचा दहा फुटी फोटो, खाली 'फिजिक्सची वाघीण', हे चित्र देविदासला मनापासून आवडलं होतं. पुनमला ते आवडलं नव्हतं. शिकवणं वाईट असं तिला वाटत नव्हतं, पण कमी वेळात उत्तराचा पर्याय कसा ओळखायचा याच्या युक्त्या आयुष्यभर सांगत बसायचं तिला नको होतं. तिला जमिनीच्या खाली बघायचं होतं. तिच्या मार्गदर्शक शिल्पा मॅडमनी सांगितलं होतं की लातूरलाच भूजलावर काम करणारी एक संस्था आहे, तिला एक संशोधन सहायक हवा आहे, पण स्वतः पुरं सर्वेक्षण केलेल्यालाच ते मुलाखतीला बोलावतात. मशीन शनिवार-रविवारपुरतं मिळालं होतं, सोमवारी ते दुसऱ्या मुलाकडं जायचं होतं. म्हणजे या दोन दिवसांत काम झालं तर संस्था, नाही तर वाघीण.

आता देविदासनं दरवाजा का लावला, ते सांगायला हवं. मशीन जमिनीखालचं पाणी दाखवतं, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. एकदा बोअरची जागा कळली की गपचिप बोअर घ्यायचा, थोरल्या भावाला पत्ता लागू द्यायचा नाही. लिंबाजी, देविदास आणि नरसिंग या तिघा भावांची रानं एकाला लागून एक, तीन पट्ट्यांत होती. लिंबाजीचा पट्टा वरच्या अंगाला, मध्ये देविदासचा, खाली नरसिंगचा. आणि गेली चार वर्षं तिघं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचाराल, तर तिघंही एकच शब्द सांगत: बांध.

हरभरा निघाल्यामुळे रान मोकळं होतं. शनिवारी सुगतनं मशीन मांडलं, पुनमनं टेप धरून पट्ट्याच्या मधोमध खूण केली आणि पहिल्या सळया ठोकल्या. जमीन वाळून खडंग झालेली. कोरड्या मातीत करंट नीट शिरत नाही, म्हणून प्रत्येक सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं. ते काम देविदासकडं होतं. तांब्यातून तो लोखंडी सळयांना पाणी घालत होता आणि अधूनमधून वरच्या बांधाकडं चोरून बघत होता.

पहिली मोजमापं छान आली. अडचण पुढं होती. मशीनला जितकं खोल बघायचं, तितक्या बाहेरच्या सळया एकमेकींपासून लांब न्याव्या लागतात. पट्ट्याच्या लांबीनं न्याव्यात, तर तिथं देविदासनं विहिरीपासूनची लोखंडी पाइपलाइन पुरलेली होती आणि सगळा करंट पाइपातूनच पळाला असता. राहिली आडवी ओळ. म्हणजे एक सळई वर लिंबाजीच्या रानात आणि दुसरी तितकीच लांब खाली नरसिंगच्या रानात.

"दुसऱ्याच्या रानात कशाला? आपल्यातच भागव की," देविदास म्हणाला.

"आपल्यात भागत नाही, बाबा. आपला पट्टा चिंचोळा आहे. खोल बघायचं तर पसरावं लागतं."

देविदास काही बोलायच्या आत सुगत उत्साहानं दोन्हीकडं जाऊन बांधापलीकडं दहा-बारा पावलांवर एकेक सळई ठोकून आला होता. बिचारा नांदेड शहरातला मुलगा. बांध म्हणजे चालताना जरा उंच पाय टाकायची जागा, एवढंच त्याला ठाऊक.

त्याच वेळी लिंबाजी आपल्या गोठ्यातून बाहेर आला. त्याला दिसलं ते असं: पँटीतला एक परका माणूस, हातात टेप, तिपाईवर पिवळं मशीन, आपल्या रानात उभी सळई, आणि धाकटा भाऊ भर उन्हाळ्यात लोखंडाला पाणी घालतोय. मशीन, टेप आणि खुंट्या एवढ्या तीन वस्तू रानात एकत्र दिसल्या की सावळवाडीत त्याचा एकच अर्थ होतो.

"ए देविदास!" लिंबाजी धावतच आला. चार वर्षांत भावाला मारलेली ही पहिली हाक. "मोजणी लावलास व्हय रे? गपचिप?"

"मोजणी कशाची, दादा? लेकीचं कालेजचं काम हाय."

"कालेजचं काम कालेजात करावं की! माझ्या रानात सळई कामून?"

देविदासला बोअरचं बोलायचं नव्हतं. त्यामुळं तो इकडंतिकडं बघायला लागला आणि इकडंतिकडं बघणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही. पुनम पुढं झाली.

"आबा, खरंच मोजणी नाही ही. आम्ही जमिनीत थोडा करंट सोडतो. त्यावरून जमिनीच्या खाली काय आहे ते मशीन सांगतं."

"खालचं कळतं?"

"हो. कुठं खडक, कुठं माती, कुठला थर जुना, कुठला नवा."

लिंबाजीचा आवाज जरा खाली आला. "जुना म्हंजे? आदी तिथं काय व्हतं, ते बी कळतं?"

"ते तर कळतंच. लई जुनं असलं तरी."

"अन् वरून नांगर फिरला असंल तर?"

पुनमला या प्रश्नाचं कौतुकच वाटलं. "काहीच फरक पडत नाही, आबा. नांगर आपला वरचं वर. मशीन त्याच्या कितीतरी खाली बघतं."

लिंबाजीच्या तोंडचं पाणी पळालं. कारण साधं होतं. बांध कोरण्यात लिंबाजीचा हात कुणी धरला नसता. एकदम काही करायचं नाही; दर पेरणीला नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, बांधाला घासून जास्तीचं घ्यायचं, हद्दीचे दगड जरा पुढं सरकवायचे आणि आभाळाकडं बघत घरी यायचं. एका तासानं कुणाचं काय जातं? पण इतक्या वर्षांची इतकी तासं मिळून पाचसहा पावलं जमीन झाली होती, आणि आता ही कालची पोरगी सांगत होती, की नांगर फिरवूनही उपयोग नाही.

तो सरळ सळईशेजारी मांडी घालून बसला. "मी हितून उठत न्हाई. कर काय करायचं ते."

थोड्या वेळानं त्याची बायको यशोदाबाई पाण्याची कळशी घेऊन आली आणि तीही बसली. "पोरी, म्हशीला करंट तं लागणार न्हाई न्हवं? गाभण हाय."

"नाही मोठ्याई, काहीच होणार नाही."

"मंग बरं," असं म्हणून यशोदाबाईनं पदरात शेंगा घेतल्या आणि सोलत बसली. म्हणजे बसायचं कारण संपलं होतं, पण बसणं काही संपलं नाही. वायर सोडावी तर सळईला लिंबाजीचा गुडघा टेकलेला. दिवस मावळायला आला तेव्हा पुनमनं वायर गुंडाळली. त्या गडबडीत बांधापलीकडच्या दोन्ही सळया तशाच राहिल्या.

संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती. डोळ्यांत पाणी होतं, पण बापाला दिसू नये म्हणून ती उगाच वायरीची गाठ सोडवत होती. देविदास शेजारी येऊन बसला.

"पुने, आपल्या पट्ट्यातलं तं झालं न्हवं? तेवढ्यावर सांग की पाणी कुठं हाय."

"बाबा, मशीन पाणी दाखवत नाही."

"आँ?"

"करंट किती अडला ते दाखवतं. त्यावरून आपण म्हणायचं, की इथं पाणी असू शकतं. असेलच असं नाही. आणि खोलचं मोजल्याशिवाय तेवढंही म्हणता येत नाही."

देविदासनं पेटीकडं बघितलं. "मंग ह्याच्यापरीस नारळवाला पाणाड्या बरा. त्यो तं छातीठोक सांगतो."

"सांगतो. पण तुमच्या दोन्ही बोअरला धूळच निघाली ना?"

"धूळ निघाली, पर सांगितलं तं छातीठोक!"

पुनमला रडता रडता हसू आलं. मग ती म्हणाली, "बाबा, मला ह्याच्यासाठीच हे शिकायचंय. जेवढं दिसलं तेवढंच म्हणायचं आणि जे दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणायचं. क्लासमध्ये हे चालत नाही. तिथं चारातलं एक उत्तर बरोबरच असावं लागतं."

देविदासला यातलं सगळं कळलं असं नाही. पण लेकीचा आवाज त्याला कळला. आजवर ती काय शिकते हे त्यानं गावाला दहा वेळा सांगितलं होतं, तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं. जेवताना सिंधुनं वाढलेली दुसरी भाकरी त्यानं तशीच ठेवली.

रविवारी सकाळी पुनम, सुगत आणि देविदास रानात आले आणि जागच्या जागी थांबले. वरच्या अंगाचे हद्दीचे दगड जागेवर नव्हते. ते सगळे ओळीनं वर, लिंबाजीच्या रानात, बरोबर काल ठोकलेल्या सळईच्या रेषेत जाऊन बसले होते. जुन्या जागेवर ताजी माती उकरलेली. आणि पलीकडं लिंबाजी स्वच्छ धोतर नेसून, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून उभा होता.

"ये पोरी," तो म्हणाला. "मोज आता. कितीबी मोज. अगदी पार त्या टोकापत्तर जा, माझी ना न्हाई."

पुनमला समजायला वेळ लागला. मशीननं जिथं सळई ठोकली तिथं खरी हद्द, असा आबांचा हिशेब झाला होता. आणि त्या भीतीनं त्यांनी कोरलं होतं त्याच्या दुप्पट परत करून टाकलं होतं.

तिला आतून मोह झाला. एक शब्दही न बोलता वायर सोडली असती, तर दुपारपर्यंत काम झालं असतं. पण कालचंच तिचं बोलणं तिच्या कानांत होतं.

"आबा, ही मोजणी नाही. मशीनला बांध दिसतच नाही. तुम्ही दगड उगाच हलवले."

लिंबाजी समजूतदारपणे हसला. "हाव, हाव. कळतंय मला. तुमाला सांगायची मनाई असंल."

"मनाई नाही, आबा. खरंच..."

"जाऊ दे की. तू मोज."

खरं सांगून काम अडत नव्हतं, कारण खरं कुणी ऐकतच नव्हतं. सुगतनं वायरीचं रीळ उचललं. इतक्यात खालच्या अंगानं आरडाओरडा ऐकू आला. नरसिंग येत होता. तो काल किनवटला सोयरिकीत गेला होता, सकाळी घरी आला तर रानात सळई.

"ह्याला म्हणत्यात न्याय!" नरसिंग लांबूनच ओरडत होता. "आयुष्यात एक तास कोरलं न्हाई मी कुणाचं, अन् माझ्याच रानात बारा पावलं आत खुंटी! देविदासदादा, तुझी ही मशिनीची मोजणी मला मंजूर न्हाई. उद्या तालुक्याला जाऊन सरकारी मोजणी लावतो. तिघांची बी!"

सरकारी मोजणी म्हटल्यावर लिंबाजीचं गंध एकदम फिकट पडल्यासारखं झालं. पण त्याच्याहून जास्त देविदासचा चेहरा उतरला. पुनमनं ते पाहिलं आणि बाप काल सारखा बांधाकडं का बघत होता, हे कोडं तिला सुटलं. आपला बाप चोरून बघत होता तो फक्त वरच्या बांधाकडं नव्हे, खालच्याही.

देविदासनं मान खाली घातली. वर ताजी माती दिसत होती. थोरल्यानं भीतीनं का होईना, दगड उचलले होते. समोर धाकटा, ज्यानं खरोखर कुणाचं काही घेतलं नव्हतं आणि ज्याला कधी न्यायही मिळाला नव्हता. आणि शेजारी लेक, जिनं आत्ताच सोयीचं खोटं हातात आलेलं असताना नाकारलं होतं.

"नरसिंग," तो म्हणाला, "मोजणी नको लावू. तुझं मी कोरलंय."

नरसिंग भांडायला आला होता. भांडणाची सगळी तयारी त्यानं वाटेतच केलेली. समोरच्यानं पहिल्याच वाक्यात कबूल केल्यावर त्या तयारीचं काय करावं, त्याला कळेना. "म्हंजे... किती?" त्यानं विचारलं.

"त्या बाभळीच्या खुंटापत्तर तुझंच हाय."

"ते मला बी ठाऊक हाय."

"मला बी ठाऊक व्हतं," देविदास म्हणाला.

"मंग चार वर्सं बोलला न्हाईस ते कामून?"

"तू भांडशील म्हणून."

"अन् तू बोलंनास म्हणून मी भांडत न्हवतो!" नरसिंग ओरडला आणि मग त्यालाच त्याचं हसू आलं.

दोघांनी मिळून खालचे दगड उचलले आणि बाभळीच्या खुंटाच्या रेषेत नेऊन ठेवले. मशीन तिपाईवर बंदच होतं.

मग काम सुरू झालं. ओळ लांब होत गेली तशी अडचण आली, की दोन टोकांना सळया ठोकायला माणसं कमी पडायला लागली. सुगतनं वायर धरायची, पुनमनं आकडे घ्यायचे, देविदासनं पाणी घालायचं. शेवटी हातोडी एका टोकाला लिंबाजीकडं गेली आणि दुसऱ्या टोकाला नरसिंगकडं. पुनमनं त्यांना समजावलं, "एकच सळई ठोकून करंट जात नाही. दोन्ही टोकं जमिनीत पक्की बसली, तरच मशीन काहीतरी दाखवतं. म्हणून ठोकून झालं की ओरडून सांगा."

"कुणाला?" लिंबाजीनं विचारलं.

"एकमेकांना."

लिंबाजीनं सळई ठोकली. हातोडी खाली ठेवली. मग तोंडाभोवती हात धरून ओरडला, "हाणली का रे, नरसू?"

तिन्ही पट्ट्यांच्या पल्याडून आवाज आला, "हाणली, दादा!"

मशीनवरचा आकडा हलला आणि स्थिर झाला. देविदास तांब्या हातात घेऊन मध्येच उभा होता. तिघं एका ताटात जेवायचे तेव्हा धाकट्याला 'नरसू' म्हणत. ते नाव त्यानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यानं सळईला घालायचं पाणी चुकून स्वतःच्या पायावर ओतलं.

"बाबा, सळई!" पुनम म्हणाली.

"घालतो, घालतो," असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

दुपारभर 'हाणली का?' आणि 'हाणली!' चाललं होतं. सळया इतक्या लांब गेल्या, की लिंबाजीचं स्वच्छ धोतर मातकट झालं आणि नरसिंगचा आवाज बसला. ऊन उतरायला लागलं तेव्हा पुनमनं शेवटचा आकडा घेतला. सिंधु आणि यशोदाबाई भाकऱ्या घेऊन आल्या आणि सगळे वरच्या नव्या बांधावर बसून जेवले.

"दादा," देविदास घास हातात धरून म्हणाला, "तुझे दगड लई आत आलेत. सळईचा अन् हद्दीचा काईच संबंध न्हाई. पोरगी खरं सांगत व्हती."

लिंबाजीचा हात ताटातच राहिला. आधी त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग तो उठला आणि मागं वळूनही न बघता बरोबर सहा पावलं खाली चालत गेला. तिथं एक अर्धा मातीत गेलेला धोंडा होता. त्यावर पाय ठेवून म्हणाला, "बानं हितं दाखवला व्हता मला बांध. मी लहान व्हतो." दगड पुन्हा उचलले गेले आणि या वेळी ते जिथं असायला हवे होते तिथं बसले. विशेष हे, की इतक्या भांडणात हद्द कुठं आहे हे कुणालाच नव्यानं सांगावं लागलं नाही.

"मंग, पोरी," लिंबाजी परत येऊन बसला, "मशीन काय म्हणतंय? पाणी हाय का?"

"असू शकतं, आबा. ह्या बांधाच्या आसपास खाली ओल असल्यासारखी वाटते. पण नक्की नाही सांगता येत."

तिघं भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. पाणाड्या छातीठोक सांगतो, हे त्या क्षणी कुणीच बोललं नाही.

दोन महिन्यांनी पुनमला लातूरच्या संस्थेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. बसस्टँडपासून संस्थेपर्यंतच्या रस्त्यावर दर खांबाला एक फिजिक्सचे सर हात बांधून उभे होते. मामेभाऊ वैजनाथचाही फ्लेक्स होता. त्याच्या शेजारी एक जागा अजून रिकामी ठेवलेली दिसली. पुनम त्याच्याखालून जरा भरभर चालत गेली.

मुलाखत घेणाऱ्यांत मुख्य होते बसवराज सर. उदगीरकडचे, जाड चष्म्याचे, आणि वर्षानुवर्षं न हसता काम केल्यामुळे हसणं विसरल्यासारखे दिसणारे. त्यांनी पुनमचा प्रबंध उघडला आणि एका नकाशावर बोट ठेवलं.

"शनिवारच्या नकाशात बांध इथं आहेत. रविवारच्या नकाशात तिथं आहेत. नकाशा काढताना चूक झाली का?"

"नाही सर. बांधच हलले."

बाकीचे दोघे परीक्षक हसले. बसवराज सर हसले नाहीत. "सांगा सगळं," ते म्हणाले. पुनमनं लिंबाजीच्या गंधापासून बाभळीच्या खुंटापर्यंत सगळं सांगितलं. स्वतःच्या बापाचंही तिनं वगळलं नाही.

"आणि पाणी? आहे का तिथं?"

"असू शकतं, सर. वरच्या थरांबद्दल खात्री वाटते. सगळ्यात खालच्या थराचे आकडे दोन प्रकारे वाचता येतात. कुठला प्रकार बरोबर, ते मला माहीत नाही."

बसवराज सरांनी प्रबंध मिटला. "इथं येणारा प्रत्येक जण आम्हाला पाणी दाखवून जातो," ते म्हणाले. "माहीत नाही म्हणणारं माणूस आम्ही कधीचं शोधतोय. एक तारखेपासून या."

पुनमनं प्रबंध उचलला. पहिल्यांदा बाबांचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मग, का कोण जाणे, वायरीच्या दोन टोकांना उभे असलेले आबा आणि काका. बाहेर व्हरांड्यात येऊन ती घरी फोन लावणार, तोच बसवराज सर मागून आले.

"पहिलं सर्वेक्षण कुठं घ्यायचं, काही विचार?" त्यांनी विचारलं.

"सर, उदगीरकडं पाण्याचे फार हाल आहेत असं ऐकलंय. तिकडूनच सुरुवात केली तर? तुमचं गावही तिकडंच आहे ना? तुमच्याच रानात पहिली ओळ टाकू."

बसवराज सरांनी चष्मा काढला, तो रुमालानं बराच वेळ पुसला आणि पुन्हा घातला.

"आमच्या रानात," ते सावकाश म्हणाले, "शेजारी धाकट्या भावाचं रान आहे."

"मग तर सोपं, सर. दोघांची परवानगी एकदमच मिळेल."

"होय की. मिळेल." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. "असं करू. तिकडं आपण पुढच्या महिन्यात जाऊ. मधल्या रविवारी मला एकदा एकट्याला गावाकडं जाऊन येऊ द्या."

पुनमनं त्यांच्याकडं पाहिलं. "सर, मशीनला बांध दिसत नाही."

"ते मला ठाऊक आहे हो," बसवराज सर म्हणाले. "पण मी आधी जाऊन येतो."